आप्पांची अर्धी टेकडी

वाइनच्या ग्लासात कांद्याची फोड टाकून तो पाहुण्याच्या नाकाखाली धरणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते आप्पा. माझी पहिली नोकरी त्यांच्याकडे होती, चांदवडच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात. चार खोल्या, एक कांद्याची चाळ, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर आणि मागे एक टेकडी, एवढ्याला आप्पा कृषी पर्यटन केंद्र म्हणायचे. मी बुकिंग घ्यायचे, फोटो टाकायचे आणि इंग्रजीत आलेल्या तक्रारींची इंग्रजीत माफी मागायचे.

कांद्याचं खूळ आलं ते एका सहलीतून. शेतकऱ्यांच्या कुठल्याशा अभ्यासदौऱ्याबरोबर आप्पा नाशिकजवळची एक वायनरी बघून आले होते. ते माळकरी. प्यायले काही नाहीत, भिंतीला टेकून फक्त बघत राहिले. घरी आल्यावर माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगत होते, "ग्लास हलवायचा, वास घ्यायचा, तोंडात घ्यायचं अन् थुंकून द्यायचं. एवढ्यासाठी मुंबईहून माणसं येऊ राहिली! मग आपल्या कांद्यानं काय घोडं मारलंय?"

माई म्हणाल्या, "थुंकायला ओट्यावर नका बसवू कोणाला. आत्ताच सारवलंय मी."

तेव्हापासून आमच्याकडे कांदा टेस्टिंग सुरू झालं. तीन ग्लास मांडायचे. कांदा आधी ऐकायचा, म्हणजे बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून कान लावायचा. मग वास. मग एक घास. आणि मग आप्पा पाहुण्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन थांबायचे. "आलं पाणी? कुठल्या डोळ्याला आधी आलं?" उजव्या डोळ्याला आधी पाणी आलं तर कांदा उत्तम, असा त्यांचा सिद्धांत होता. तो कुठून आला हे त्यांनाही माहीत नव्हतं. ठाण्याचे एक काका "डाव्या" म्हणाले, तर आप्पांनी त्यांना उजवा डोळा भरून येईपर्यंत उठू दिलं नाही. पोळ, रांगडा, उन्हाळ, अशी तीन हंगामांची तीन नावं ते घ्यायचे. बऱ्याचदा तिन्ही ग्लासांत एकाच कांद्याच्या फोडी असायच्या, पण वर्णन प्रत्येकाचं वेगळं असायचं, आणि पाहुण्यांना फरक कळायचाही. एका बाईंना तर तिसऱ्या ग्लासात 'मातीची आठवण' लागली होती.

मला नोकरीवर ठेवताना आप्पांनी माझी डिग्री विचारलीच नाही. मी मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल धरून बसले होते. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी अडखळते, म्हणून उत्तरं आदल्या दिवशी पाठ केली होती.

"गाव कोणतं?"

"नाशिक."

"ते राहायचं झालं. गाव कोणतं?"

हे मी पाठ केलेलं नव्हतं. अंगणात जाऊन बाबांना फोन लावला. "मूळचे आपण सिन्नरकडचे," बाबा म्हणाले. "पण तिथं आता कोणी नाही. का गं, काय झालं?" आत येऊन सिन्नर सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "हां. अन् आजोळ?" मी पुन्हा अंगणात गेले. दुसऱ्या फोननंतर आप्पा समाधानाने मागे टेकले. "आता ओळख पटली. सोमवारपासून ये." फाइल मी उघडली नाही. ती अजून तशीच आहे.

येणाऱ्या प्रत्येकाची हीच परीक्षा व्हायची. बंगळुरूचं एक जोडपं आलं होतं, दोघंही कानडी, कॉम्प्युटरमधले. आप्पा त्यांच्याशी हिंदीत बोलत बोलत मामाच्या गावापर्यंत पोचले आणि शेवटी, "म्हणजे तुम्ही सोलापूरच्या पलीकडचे, अन् सोलापूरला आमच्या गावची पोरगी दिलीये. झालं, सोयरेच निघाले!" असा निकाल त्यांनी दिला. त्या नवऱ्याला जाताना टॉवेल-टोपी आणि बायकोची ओटी. तो मुलगा डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत गाडी चालवत गेला. काढायची कधी, हे विचारायचा त्याला धीर झाला नसावा. मला त्याची अडचण फार कळली.

ग्राहक हा शब्द आप्पांना चालायचा नाही. "ग्राहक मार्केट यार्डात असतो. घरी येतो तो पाहुणा." आणि पाहुण्याचे नियम त्यांच्या दृष्टीने ठरलेले होते. पाहुणा 'पुरे' म्हणाला तर तो लाजतोय. पाहुणा 'निघतो' म्हणाला तर त्याला अडवायचं, आणि अडवायचं म्हणजे खरोखर अडवायचं. त्या बाजूला जुनी पद्धत आहे, निघणाऱ्या पाहुण्याची पिशवी नाहीतर चपला लपवायच्या. पाहुणा शोधतो, पोरं हसतात, पाहुणा आणखी एक मुक्काम करतो. आप्पांनी ती पद्धत फक्त नव्या जमान्याला जुळवून घेतली होती. ते गाडीची किल्ली लपवायचे.

सुरतेच्या एका कुटुंबाची किल्ली त्यांनी लपवली आणि कुठे लपवली ते स्वतःच विसरले. आम्ही चाळ शोधली, गोठा शोधला. सुरतेचे आजोबा सुरुवातीला हसत होते, नंतर हसेनासे झाले. किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी माईंच्या बाजरीच्या पिठाच्या डब्यात सापडली, तीही माईंनी भाकरी थापायला घेतल्यावर. "एवढं मोठं घर, अन् माझाच डबा सापडला का तुम्हाला?" माई म्हणाल्या. त्या कुटुंबाने नेटवर आम्हाला पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, जेवण फार चांगलं, परंतु सोडत नाहीत. मी त्यांचे आभार मानावेत की माफी मागावी, हे मला ठरवता येईना. शेवटी दोन्ही केलं.

दुपारची जेवणं आटोपली की टेकडीपलीकडून भोंगा वाजायचा आणि मग धडाम्. खोल्यांच्या काचा थरथरायच्या. पाहुणे दचकून विचारायचे. आप्पा प्रत्येकाला वेगळं सांगायचे. एकाला, "लग्न हाय पलीकडं." एकाला, "हवामान खात्याचं काहीतरी चालतं." एका लहान मुलीला त्यांनी सांगितलं, "डोंगराला ढेकर आला," आणि ती दिवसभर डोंगराकडे बघत बसली.

खरं म्हणजे तो तात्यांचा सुरुंग होता. तात्या आप्पांचे चुलतभाऊ. त्यांनी कांदा सोडून खडी धरली होती. टेकडीपलीकडचा डोंगर फोडायचा, क्रशरमध्ये दगड भरडायचा, खडी हायवेच्या कामांना पाठवायची. गावातली बरीच तरुण मुलं त्यांच्या डंपरवर नाहीतर क्रशरवर कामाला होती. आप्पांच्या केंद्रावर कामाला मी, माई आणि म्हशी. त्यामुळे गावाचं मत कोणाच्या बाजूला होतं, हे वेगळं सांगायला नको.

दोघांमध्ये अबोला होता. समोरासमोर उभे असले तरी तिसऱ्याला मध्ये घालून बोलायचे, आणि मी आल्यापासून तो तिसरा माणूस मी होते. मला दोन ओळखीच्या माणसांशी एकदम बोलणंही जमत नाही, पण हे त्या दोघांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

अबोल्याचं मूळ ती टेकडी. सातबाऱ्यावर दोघांची नावं, अर्धी अर्धी. कुठली अर्धी कोणाची हे वाडवडिलांनी ठरवलं नव्हतं. तात्या म्हणायचे, वरची माझी, खालची त्यांची. वरची गेली की खालच्या अर्ध्याला टेकडी कोण म्हणणार, हा आप्पांचा मुद्दा मला बरोबर वाटायचा. तात्यांना टेकडी फोडायची होती, दगड चांगला म्हणून. आणि टेकडी गेली असती तर क्रशरची सगळी धूळ सरळ आमच्या अंगावर आली असती. "मग पाहुण्याला काय वाढू? ताकात खडी?" आप्पा म्हणायचे. पर्यटन केंद्र तिथेच संपलं असतं. शिवाय आप्पा रोज संध्याकाळी छत्री घेऊन टेकडीवर जाऊन बसायचे, पाऊस असो वा नसो, आणि हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांवर टीका करायचे. ते कुठे केलं असतं?

शेवटी भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली. आप्पांनी दिवाळीपर्यंत बारमाही येईल असा एखादा मोठा ग्रुप मिळवून दाखवावा. दाखवला, तर टेकडीला कोणी हात लावायचा नाही. नाही दाखवला, तर आप्पांनी सही करायची आणि तात्यांनी फोडायची. दोघांनी माझ्यामार्फत होकार दिला.

त्यानंतर मी रोज मेल करत सुटले. लिहायला मला भीती वाटत नाही. गणपती उठल्यावर एका मेलला उत्तर आलं. मुंबईची एक कंपनी शाळांच्या सहली काढायची, त्यांच्या मॅडम जागा बघायला येणार होत्या. पसंत पडली तर दर आठवड्याला शाळेची बस.

मी आप्पांना समोर बसवलं. तेवढं धाडस मी त्यापूर्वी केलं नव्हतं.

"आप्पा, गाव विचारायचं नाही."

"मग बोलायचं काय?"

"जेवताना आग्रह करायचा नाही. एकदा विचारायचं. नको म्हणाल्या की ताट उचलायचं."

"उपाशी मारायचं म्हण की."

"किल्लीला हात लावायचा नाही. आणि खोटं सांगायचं नाही. आवाज कसला विचारलं, तर क्रशर म्हणायचं."

"ही तुमच्या इंग्लिश मीडियमची पद्धत का?"

"हो."

"तरीच तू एवढी वाळलीये."

मॅडम आल्या त्या दिवशी आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, सुटले तर काही वाढून बसतील म्हणून. "वेलकम," ते म्हणाले. गाव विचारायचं नाही तर दुसरं वाक्य कोणतं, हे त्यांना सुचत नव्हतं. मॅडम स्वतःच म्हणाल्या, "मी मूळची साताऱ्याची." आप्पांचे ओठ 'आजोळ' या शब्दापर्यंत येऊन गेले, मी पाहिलं. त्यांनी गिळला तो.

जेवताना मॅडम एका भाकरीनंतर "बास" म्हणाल्या. आप्पांनी ताट इतक्या चपळाईने उचललं की मॅडमच्या हातात पापड तसाच राहिला. त्या तो पापड पाटावर बसून नुसताच खात होत्या आणि माई दारातून आप्पांकडे असं बघत होत्या, की यांना ताप तर नाही ना आला.

कांदा टेस्टिंगही फसलं. मॅडमनी ऐकलं, हुंगलं, चावलं. डोळ्यात टिपूस नाही. डाव्या नाही, उजव्या नाही. त्यांनी लेन्स लावल्या होत्या, हे नंतर कळलं. त्या क्षणी आप्पांना वाटलं, कांद्यानेही दगा दिला.

"छान आहे," मॅडम हात पुसत म्हणाल्या. "कळवते मी."

नको असलेल्या गोष्टींना मी स्वतः हेच म्हणते. आप्पांनाही कळलं असावं, कारण त्यांनी टेकडीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात भोंगा वाजला आणि धडाम्.

"हा आवाज कसला?" मॅडमनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"क्रशर," आप्पा म्हणाले, दात उपटून घेतल्यासारखा चेहरा करून. "चुलतभावाचा हाय."

"अय्या, भाऊच आहेत का?" मॅडम म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच तात्यांची पांढरी जीप अंगणात येऊन थांबली.

इथे एक गोष्ट मी विसरले होते. मला नियम करताना भावकी आठवलीच नव्हती. तिकडे एका घरी पाहुणा आला की भावकीतल्या बाकीच्या घरांनी त्याला चहाला न्यायचं असतं. नाही नेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. अबोला असला तरी. आजवर आप्पा माझ्याकरवी निरोप द्यायचे, की पाहुणे चहा घेत नाहीत.

तात्या जीपमधून उतरून माझ्यासमोर उभे राहिले. आप्पा दोन हातांवर होते.

"ताई, त्यांना सांगा, सुरतेचे चहा घेत नाय, बंगळुरूचे घेत नाय, साऱ्या देशात चहा पिणारा माणूस उरलाच नाय का? लोक मला कंजूस म्हणू राहिले. आज पाहुण्या आमच्याकडं चहा घेऊन जातील."

"सांग त्याला," आप्पा म्हणाले, "पाहुण्या चहा घेत नाहीत."

"घेते की," मॅडम म्हणाल्या. "फार तलफ आलीये."

तात्यांच्या क्रशरच्या आवारात पाय ठेवणार नाही अशी आप्पांची शपथ होती. त्यांनी छत्री उचलली आणि ते टेकडी चढायला लागले. मॅडमबरोबर मी गेले.

मॅडमनी जागा नापसंत करावी असंच तात्यांना वाटत होतं, हे उघड होतं. पण चहाची गोष्ट वेगळी. दारात आलेल्या पाहुण्याला साधा चहा दिला असं गावाने म्हणायला नको. त्यांनी पोकलेनवाल्याला शीळ घातली. त्या पिवळ्या धुडाने मान वळवली, लांबवर उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या बकेटमध्ये कपांचा ट्रे ठेवला, आणि दगड उपसणारा तो अवाढव्य हात हवेतून वळत, हळूहळू खाली येत मॅडमच्या पुढ्यात गुडघ्याच्या उंचीवर थांबला. बशीत थेंब सांडला नव्हता.

मॅडमनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "पुन्हा!" त्या म्हणाल्या. तात्यांनी बिस्किटं मागवली. तीही तशीच आली.

माझा फोन वाजला. टेकडीवरून आप्पा. "घेतला का तिनं चहा?"

"घेतला."

"साखर किती घातली?"

"आप्पा, मला काय माहीत?"

"संपलं सगळं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडम कप हातात धरून वर बघत होत्या. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाच्या कडेला, काळी छत्री घेऊन एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. "ते तिथून काय बघतायत?"

"तुम्हाला," मी म्हणाले. खोटं बोलायचं नाही, हा नियम मीच केला होता.

"तिथून हे सगळं दिसतं?" मॅडमनी कप खाली ठेवला. मग त्या भराभर बोलायला लागल्या. शेती दाखवणाऱ्या जागा त्यांच्याकडे भरपूर होत्या. पण मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं? जेसीबी. पोकलेन. डंपर. आणि तेच कुठे जवळून दाखवता येत नाही, धोका असतो. इथे तर आयती गॅलरी होती, धुळीपासून लांब, उंचावर, सुरक्षित. सुरुंगाची वेळ टाळायची, बाकी सगळं दाखवायचं. चहाची कसरत तर हवीच. जेवण आप्पांकडे. "दर आठवड्याला बस पाठवते," त्या म्हणाल्या. "फक्त ती टेकडी अशीच राहील, एवढं मला लिहून हवं."

तात्यांनी टेकडीकडे पाहिलं. पोकलेनवाल्याकडे पाहिलं. तो मान बाहेर काढून ऐकत होता, आणि डंपरवरची सगळी मुलं काम थांबवून उभी होती. आजवर त्यांचं काम बघायला कोणी आलं नव्हतं. एकाने तर केसांवरून हात फिरवून घेतला.

"तशीच म्हणजे... अजिबात नाय फोडायची?" तात्यांनी विचारलं.

"मग मुलं बसणार कुठे?"

पाहुणीने चहा घेतल्यावर पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही एवढ्या लोकांसमोर. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "राहू द्या," ते म्हणाले.

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, टेकडी राहिली."

ते म्हणाले, "कांद्यामुळं ना?"

"नाही. पोकलेनमुळे."

"लय वाईट झालं," आप्पा म्हणाले. पण वर बघितलं तर छत्री एका जागी ठरत नव्हती.

पहिली बस दिवाळीच्या आधी आली. टेकडीवर मुलं ओळीने बसली. माइकवर माहिती मी सांगायची असं ठरलं होतं. मी माइक हातात घेतला, आणि माझ्याकडे वळलेले ते सगळे चेहरे बघून तो आप्पांच्या हातात दिला. आप्पांना भावाच्या यंत्राचं कौतुक करावं लागलं. ते त्यांनी इतकं रंगवून केलं की खाली तात्या काम सोडून ऐकत उभे राहिले. पोकलेनचं वजन किती म्हशींएवढं, हा आकडा आप्पांनी जागच्या जागी बनवला आणि मुलांनी वहीत उतरवून घेतला.

बस गेल्यावर मी खुर्च्या गोळा करत होते. खाली टेकडीच्या पायथ्याशी पोकलेन उभं होतं आणि ते हलत होतं, भलत्याच दिशांना. पोकलेनवाला बाजूला उभा राहून हातवारे करत होता. आत आप्पा होते. मी धावत खाली गेले. तोवर तात्याही आले होते.

"आप्पा, तुमची शपथ?"

"ती क्रशरची. हे टेकडीवर उभं हाय." त्यांनी दांडा ओढला. बकेट मुरमाच्या ढिगात शिरली, भरली, डगमगत वर गेली आणि टेकडीच्या उतारावर पालथी झाली. धुळीचा लोट उठला.

"ताई, विचारा त्यांना," तात्या खोकत म्हणाले, "हे काय करू राहिले?"

"सांग त्याला, टेकडी वाढवू राहिलो. एवढी पोरं बसली, जागा कमी पडली."

तात्यांनी त्या ओतलेल्या मुरमाकडे बघितलं. त्यांच्यातला खडीवाला जागा झाला असावा, कारण त्यांनी पायाने तो दाबून पाहिला आणि नाक मुरडलं. "सांगा त्यांना, असा सुटा टाकून पहिल्याच पावसात वाहून जाईल. दाबून बसवावा लागतो. रोलर लागतो."

आप्पांनी दुसरी बकेट अर्ध्यात थांबवली. "विचार त्याला, रोलर हाय का त्याच्याकडं?"

मी विचारायला तोंड उघडलं, तोवर तात्या रोलर आणायला निघाले होते.